मीटरच्या बोर्डाची दुरुस्ती: प्रकल्प नोंदी

९ जानेवारी

गाडी १९८० च्या दशकातली. इंजिन ठणठणीत, गिअरबॉक्स ठीक, पण डॅशबोर्डवरचा मीटर काय सांगेल याचा भरवसा नाही. हेडलाइट लावले की पेट्रोलचा आणि टेंपरेचरचा, दोन्ही काटे एकदम वर सरकतात. दिवे बंद केले की खाली येतात. इंजिनाचे फेरे दाखवणारा टॅकोमीटर मधूनच शून्यावर पडतो आणि डॅशबोर्डवर थाप मारली की उठतो. सर्व्हिसची आठवण देणारे दिवे रीसेट होत नाहीत. आणि किल्ली फिरवल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागतच नाही.

याआधी कुणीतरी टाकीतला, पेट्रोलची पातळी सांगणारा फ्लोट बदलून पाहिला आहे. त्याने फरक पडणार नव्हताच. फ्लोट गाडीच्या मागच्या टोकाला, टेंपरेचरचा सेन्सर इंजिनावर. दोघांची गाठ पडते ती मीटरच्या आत. दोन काटे एकाच क्षणी एकाच दिशेला हलत असतील तर बिघाड त्यांच्या सामायिक वाटेत आहे. त्यात दिव्यांचा संबंध दिसतो, म्हणजे ती वाट बहुतेक अर्थची, करंट बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत नेणारी.

चार्जिंगच्या दिव्याची तक्रार गाडीवाला सगळ्यात शेवटी, जाता जाता सांगतो. माझ्या यादीत ती पहिली. हा दिवा नुसता इशाऱ्यासाठी नसतो. किल्ली फिरवल्यावर बॅटरीचा करंट या बल्बमधून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या डी प्लस टर्मिनलला जातो, तिथून अल्टरनेटरच्याच रेग्युलेटरमार्गे रोटरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या भागाच्या, गुंडाळीत, आणि रोटरला सुरुवातीचं चुंबकत्व त्यातूनच मिळतं. इंजिन सुरू झालं की डी प्लसवरही बॅटरीइतकाच व्होल्टेज येतो, बल्बच्या दोन्ही टोकांना फरक उरत नाही आणि दिवा विझतो. मधला ट्रॅक, म्हणजे मीटरच्या बोर्डवरची तांब्याची पट्टी, तुटला तर दिवा लागत नाही आणि अल्टरनेटरही लगेच चार्ज करत नाही. रोटरमध्ये थोडंसं चुंबकत्व शिल्लक असतं, त्याच्या जोरावर इंजिन बरंच चढवल्यावर कधीतरी पकड घेतो. विचारलं तर उत्तर आलं, हो, सकाळी एकदा जोरात रेस द्यावी लागते. म्हणजे अल्टरनेटर खोलायची गरज नाही. सगळे धागे मीटरकडेच जातात.

११ जानेवारी

काढण्याआधी मोजमाप. बॅटरीची ऋण तार सोडली, मीटरचे स्क्रू काढले, वायरिंगला ढील होती तेवढं पुढे ओढलं, वायरिंग आणि बोर्ड जोडणारे कपलर तसेच ठेवून बॅटरी पुन्हा जोडली. इंजिन चालू, दिवे लावलेले. मल्टिमीटरची काळी लीड थेट बॅटरीच्या ऋण टोकाला लांब तारेने बांधली आणि लाल लीडने मीटरमागच्या जागा तपासत गेलो.

कपलरच्या अर्थ पिनला जोडलेल्या तारेवर: ०.०२ व्होल्ट. गाडीचं वायरिंग निर्दोष.

बोर्डवरच्या रेग्युलेटरच्या (काट्यांना ठरावीक व्होल्टेज देणारा; अल्टरनेटरचा तो वेगळा) मधल्या पायावर: ०.६६ व्होल्ट. हा पाय त्याच अर्थ पिनला जोडलेला असायला हवा, आणि अंतर जेमतेम १० सेंटिमीटर.

मीटरच्या दिव्यांचे चार बल्ब, प्रत्येकी ३ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर जवळपास १ अँपियर. तो सगळा याच ट्रॅकने परत येतो. ०.६४ व्होल्टची घट आणि १ अँपियर करंट, म्हणजे ट्रॅकचा रोध सुमारे ०.६४ ओहम. नेहमीच्या बोर्डवर तांब्याचा थर ३५ मायक्रॉन जाड असतो. तेवढ्या जाडीच्या तांब्याच्या प्रत्येक चौकोनी तुकड्याचा रोध साधारण अर्धा मिलिओहम. २ मिलिमीटर रुंद आणि १०० मिलिमीटर लांब ट्रॅक म्हणजे ५० चौकोन, म्हणजे २५ मिलिओहम. हा त्याच्या पंचवीसपट निघाला.

काटे का चढतात तेही यातच आलं. रेग्युलेटर १० व्होल्ट देतो तो स्वतःच्या मधल्या पायापासून मोजून. तो पाय ०.६६ व्होल्टने उचलला गेला की बाहेर पडणारा व्होल्टेज गाडीच्या बॉडीपासून मोजला तर १०.६६ भरतो. फ्लोट आणि सेन्सर दोघांची अर्थ बॉडीवर, त्यामुळे दोन्ही काट्यांना जास्तीचा करंट मिळतो. मोरी तुंबली की पाणी घरभर चढावं तसा प्रकार.

१२ जानेवारी

मीटर बाहेर. सुटं करण्याआधी ओडोमीटरच्या आकड्याचा फोटो घेतला. दुरुस्तीनंतर आकडा तोच दिसला पाहिजे, आणि गाडी दुसऱ्याची असेल तर हा फोटो असलेला बरा. काट्यांना हात लावला नाही. अशा मीटरमध्ये काटा डगमगू नये म्हणून आत सिलिकॉनचं घट्ट तेल असतं, म्हणून मीटर काचेवर पालथा टाकून ठेवायचा नाही. फोमच्या दोन ठोकळ्यांत उभा केला.

मागचं झाकण काढलं आणि वासाआधी रंग दिसला. सर्व्हिसच्या दिव्यांची मोजणी गाडीची बॅटरी काढली तरी टिकावी म्हणून बोर्डवर निकेल-कॅडमियमचे दोन सेल सोल्डर केलेले आहेत. दोन्ही फुटलेले. पायांभोवती पांढरा भुसभुशीत थर, त्याच्या कडेला निळसर हिरवा, आणि तिथून बोर्डाच्या हिरव्या लॅकरखाली शिरलेली काळी सावली.

या सेलमधलं द्रव म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड. गाडी महिनोन्महिने उभी राहिली, सेल पार उतरले, सील म्हातारे झाले की ते झिरपतं. धातूच्या पृष्ठभागावरून ते सरपटत जातं, ऋण टोकाकडून जास्त. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचं कार्बोनेट बनतं, तो पांढरा भुसा. हिरवं-निळं दिसतं ते तांब्याचं.

सेल कापून काढले. हातमोजे आणि चष्मा घालून; अल्कली डोळ्यांत गेली तर आम्लापेक्षा वाईट, आणि कॅडमियम विषारी. सेल बंद डब्यात, बॅटऱ्या गोळा करतात तिथे द्यायला. कचऱ्याच्या डब्यात नाही.

१३ जानेवारी

धुलाई. यावर दर वेळी कुणीतरी खायच्या सोड्याचा सल्ला देतं, म्हणून लिहून ठेवतो: सोडा गाडीच्या मोठ्या बॅटरीच्या आम्लासाठी. इथे गळलेलं द्रव स्वतःच अल्कली आहे, त्याला सौम्य आम्लच लागतं. साधं पांढरं व्हिनेगर पुरतं, त्यात अॅसेटिक आम्ल पाच टक्क्यांच्या आसपास असतं.

आधी सगळे मीटर, बल्बचे होल्डर आणि काचेची चौकट बोर्डापासून वेगळी केली. मग जुन्या दातांच्या ब्रशने खराब भागावरच व्हिनेगर. कार्बोनेट असेल तिथे बुडबुडे येतात, ते थांबेपर्यंत घासायचं, पुसायचं, पुन्हा लावायचं. सेलच्या खालच्या भोकांमधून बुडबुडे बराच वेळ येत राहिले. तिथे टूथपिकला कापूस गुंडाळून आतून फिरवला. व्हिनेगरही बोर्डवर राहू द्यायचं नाही, म्हणून डिस्टिल्ड वॉटरने सढळ धुतलं. शेवटच्या पाण्याचा थेंब तांबड्या लिटमसवर टाकला: निळा झाला नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि बोर्ड कोमट हवेत सुकायला. घाई केली तर लॅकरखालचं पाणी तिथेच राहतं.

१५ जानेवारी

आजचा दिवस नकाशा काढण्यात गेला, आणि या कामात खरा वेळ इथेच द्यायचा असतो.

काळी सावली दिसेल तिथलं लॅकर फायबरग्लासच्या पेनने हलकेच खरवडलं. चकचकीत गुलाबी तांबं लागेपर्यंत पुढे जायचं, मग थांबायचं. नजरेला जिथे डाग संपतो त्याच्या पुढेही काही मिलिमीटर तांबं काळवंडलेलं निघतं, म्हणून डागाच्या कडेवर थांबून चालत नाही. धूळ ओल्या कापडाने टिपली. काचेचे तंतू बोटात शिरले की दोन दिवस टोचतात.

सेलच्या आजूबाजूचे पाच ट्रॅक बाधित. एक सर्व्हिस दिव्यांच्या चिपचा, तो पूर्ण तुटलेला. एक चार्जिंगच्या दिव्याचा, तोही तुटलेला. शिवाय त्या बल्बला समांतर बसवलेल्या रेझिस्टरचा एक पाय पार सडला आहे. बल्ब उडाला तरी अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळावा, यासाठी तो रेझिस्टर असतो. इथे दोन्ही वाटा एकाच गळतीने घालवल्या. दोन इंडिकेटरचे ट्रॅक वरवर खाल्लेले. आणि पाचवा तो रुंद अर्थ ट्रॅक.

आता गंमत. अर्थ ट्रॅकच्या दोन टोकांना मल्टिमीटर बीपवर, म्हणजे वाट जोडलेली असली की वाजतो त्या रेंजवर, ठेवून लावला. खणखणीत वाजला. वाजणारच, बहुतेक मल्टिमीटरची बीप काही दशक ओहमपर्यंत वाजते, आपला दोष अर्ध्या-पाऊण ओहमचा. ओहमच्या रेंजवर ठेवला तरी लीडचाच रोध ०.२ ओहमच्या आसपास असतो, खालचा आकडा त्याच्यात बुडून जातो. बीपवर विसंबून बोर्ड "ओके" म्हणून परत दिले जातात ते असे.

म्हणून चार तारांची पद्धत. पॉवर सप्लायवर करंटची मर्यादा १ अँपियर आणि व्होल्टेजची २ व्होल्ट ठेवून तो करंट ट्रॅकच्या एका टोकातून दुसऱ्या टोकापर्यंत सोडला. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर, त्याच्या लीड वेगळ्या, थेट तांब्यावर टेकवलेल्या. करंट बरोबर १ अँपियर असल्याने जितके मिलिव्होल्ट तितके मिलिओहम, डोक्याला ताप नाही. एक लीड पिनवर स्थिर, दुसरी थोडी थोडी पुढे सरकवत नेली.

कपलरच्या पिनपासून तिच्याच सोल्डरच्या गोलाकारापर्यंत ७० मिलिव्होल्ट. इथे खरं तर काहीच दिसायला नको. नंतर बराच अंतर जेमतेम काही मिलिव्होल्टची वाढ, हिशेबाप्रमाणे. मग सेलच्या धन टोकाजवळ, तीन-चार मिलिमीटरच्या काळ्या पट्ट्यात, एकदम ५४० मिलिव्होल्टची उडी. त्या जागी अर्धा वॅटहून जास्त उष्णता. बोट ठेवलं तर ऊब जाणवली. भिंगातून पाहिलं तर २ मिलिमीटर रुंदीच्या ट्रॅकमधलं तांबं खालच्या कडेला केसाएवढं शिल्लक होतं. तेवढ्यावरून इतकी वर्षं चार बल्ब जळत होते.

पिनजवळच्या ७० मिलिव्होल्टचं कारण तिरप्या प्रकाशात दिसलं: पिनभोवती सोल्डरमध्ये गोल बारीक चीर. गाडीचा धक्का आणि गरम-थंड होणं यामुळे जाड पिनांच्या सोल्डरला अशी चीर पडते. मग कपलरच्या सगळ्या पिना एकेक करून भिंगाखाली घेतल्या. टॅकोमीटरच्या सिग्नलची पिन तशीच, चिमट्याने हलवली तर हलते. डॅशबोर्डवरच्या थापेचं कोडं सुटलं, आणि त्याचा गळतीशी काही संबंध नव्हता.

१८ जानेवारी

सेल कुठले घालायचे हा विचार. लिथियमचा ३ व्होल्टचा सेल दिसायला सोपा, टिकतो वर्षानुवर्षं. पण बोर्डवरचा सर्किट गाडी चालू असताना सेलना हळूहळू चार्ज करतो, आणि चार्ज न होणाऱ्या लिथियम सेलमध्ये उलटा करंट सोडणं धोक्याचं. डायोड घालून वाट अडवता येते, पण मग मूळ चार्जिंगची वाटही कापावी लागते, आणि उद्या दुसरा कुणी बोर्ड उघडेल त्याला हे कळणार नाही. निकेल-मेटल हायड्राइडचे दोन सेल घेतले: तोच १.२ व्होल्ट प्रत्येकी, हळू चार्जिंग चालतं, कॅडमियम नाही. टॅब वेल्ड केलेलेच घ्यायचे. सेलवर थेट सोल्डर केलं तर आतलं सील भाजतं.

ते बोर्डवर बसवणार नाही. दोन तारा काढून, सेल प्लास्टिकच्या नळीत गुंडाळून मीटरच्या केसच्या बाहेर, खालच्या बाजूला. सेल कधीतरी गळणारच. गळू दे, पण बोर्डापासून लांब आणि खालच्या पातळीला.

२० जानेवारी

सोल्डरिंग. बिट ३३० अंशांवर. जुनं सोल्डर शिसं-कथिलाचं, ते एरवी १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतं, पण अल्कलीने खाल्लेल्या जागी राखाडी कवच धरतं आणि बिट टेकवून ठेवला तरी हलत नाही. अशा वेळी तापमान वाढवायचा मोह होतो. त्याने सोल्डरखालचा तांब्याचा पॅडच उचलला जातो. सोल्डर नीट धरावं म्हणून भरपूर फ्लक्स, त्यावर थोडं ताजं सोल्डर, ते मिसळलं की सगळं एकत्र ओढून घ्यायचं, आणि मग पुन्हा नव्याने भरायचं.

कपलरच्या चिरलेल्या पिना आधी केल्या. नुसता वरून थेंब द्यायचा नाही, जुनं सगळं काढून भरायचं; चिरेच्या आत मळ असतो.

बारीक ट्रॅकना ०.२५ मिलिमीटरची तार, जुन्या ट्रॅकच्याच वाटेने. दोन्हीकडे निरोगी तांब्यावर चार-पाच मिलिमीटर पकड. पाच सेंटिमीटर तारेचा रोध सुमारे १७ मिलिओहम, सिग्नलसाठी आणि एका बल्बसाठी काहीच नाही. सेलजवळच्या दोन भोकांमधलं आतलं तांब्याचं अस्तर गेलं होतं, वरची आणि खालची बाजू एकमेकांना भेटत नव्हती; तार आरपार घालून दोन्हीकडे सोल्डर.

अर्थ ट्रॅकसाठी तांब्याची पट्टी चिकटवून तो मूळ रूपात आणता आला असता, दिसायलाही सुबक. मी ०.५ चौरस मिलिमीटरची तार घेतली, कपलरच्या पिनपासून थेट रेग्युलेटरच्या मधल्या पायापर्यंत, आणि वाटेत बल्बांच्या सामायिक टोकाला एक फांदी. तारेचा रोध चार-पाच मिलिओहम, म्हणजे नव्या ट्रॅकपेक्षाही कमी. खालचा ट्रॅक अजून कुठे सडत असेल तर सडू दे. इथे सुबकपणाला किंमत देण्यात अर्थ नव्हता, मागचं झाकण लागलं की कुणी पाहणार नाही. तार तीन ठिकाणी एपॉक्सीने टेकवली, धक्क्याने सोल्डर तुटू नये म्हणून.

चार्जिंग दिव्याचा रेझिस्टर १०० ओहमचा निघाला. किल्ली चालू आणि इंजिन बंद असताना त्यात दीड वॅटपर्यंत उष्णता होऊ शकते, म्हणून ३ वॅटचा घातला आणि बोर्डापासून उचलून बसवला. बल्ब मूळचा ३ वॅटचाच ठेवला. इथे एलईडी लावायचा हट्ट अनेकांचा असतो. एलईडीतून काही मिलिअँपियर जातात, रोटरला त्यातून काय मिळणार. हा रेझिस्टर जागेवर असेल तरच एलईडीचा विचार करावा.

२१ जानेवारी

टेबलावर चाचणी. सप्लाय १३.८ व्होल्ट, मर्यादा आधी अर्धा अँपियर. काही जळत नाही, रेग्युलेटर बरोबर १०.० देतो. मर्यादा २ अँपियर केली, चारही बल्ब लावले. अर्थ पिन ते रेग्युलेटरचा पाय: ६ मिलिव्होल्ट. फ्लोटच्या जागी व्हेरिएबल रेझिस्टर लावून काटा अर्ध्यावर आणला आणि दिवे चालू-बंद केले. काटा हलत नाही.

टॅकोमीटरला फंक्शन जनरेटरची १२ व्होल्टची चौकोनी लहर. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या, म्हणून हर्ट्झ गुणिले ३० म्हणजे फेरे. ५० हर्ट्झला १५००, १०० ला ३०००, २०० ला ६०००. पहिले दोन अचूक, ६००० ला काटा किंचित खाली. मूळ कॅलिब्रेशन असंच असेल, त्याला हात लावत नाही. पिन चिमट्याने हलवली, काटा स्थिर.

चार्जिंगचा दिवा: डी प्लसची पिन अर्थला जोडली, दिवा लागला. १३.८ ला जोडली, विझला.

मग उघड्या तांब्यावर अल्ट्राव्हायोलेटने घट्ट होणारं हिरवं लॅकर, पातळ थर. जाड दिलं तर वरून कडक होतं आणि खाली ओलंच राहतं. कपलरच्या पिना आणि बल्बच्या होल्डरच्या जागा टेपने झाकून बाकी सगळ्यावर अॅक्रिलिक कोटिंगचा फवारा.

२४ जानेवारी

मीटर गाडीत. किल्ली फिरवली, लाल दिवा लागला. इंजिन सुरू होताच विझला, रेस द्यावी लागली नाही; बॅटरीवर १४.१ व्होल्ट. सर्व्हिसचे दिवे पहिल्याच रीसेटला गेले. हेडलाइट लावून ११ तारखेचंच मोजमाप पुन्हा घेतलं: रेग्युलेटरच्या मधल्या पायावर ०.०३ व्होल्ट, त्यातला ०.०२ गाडीच्या वायरिंगचा.

टेंपरेचरचा काटा आता पूर्वीपेक्षा खाली उभा राहतो. गाडीवाल्याला वाटलं थर्मोस्टॅट उघडा अडकला. रात्रीच्या प्रवासात त्याला जो आकडा दिसायचा तोच त्याने "नॉर्मल" धरला होता. रेडिएटरच्या वरच्या होजजवळ थर्मामीटर लावून दाखवला, तापमान योग्य आहे.

१६ मार्च

गाडी तेलाच्या बदलासाठी आली तेव्हा झाकणाखालून बाहेर काढलेल्या सेलच्या तारांवर मोजलं: २.६ व्होल्ट. सेल कोरडे. डाव्या इंडिकेटरचा छोटा बल्ब मंद दिसतो. होल्डरची पितळी पाती ढिली होती, चिमट्याने वाकवून घेतली.